शेंड्याचा मणी : दारातल्या द्राक्षवेलीचा घड केव्हा तोडावा

सांगली, मिरज आणि तासगाव परिसरात अंगणात लोखंडी नळ्यांचा किंवा बांबूचा मांडव घालून त्यावर एखादी द्राक्षवेल चढवलेली पुष्कळ घरे आहेत. ज्यांची शेतात बाग आहे त्यांना छाटणीपासून उतरणीपर्यंतचे, म्हणजे घड तोडेपर्यंतचे, वेळापत्रक पाठ असते. मजूर, सल्लागार आणि व्यापारी यांचा राबताही असतो, त्यामुळे माल तयार झाला की नाही हे त्यांना चारचौघांकडून कळते. दारातल्या एकट्या वेलीच्या धन्याला मात्र हा निर्णय स्वतःच घ्यावा लागतो. तो घेण्याची वेळ येते तेव्हा, म्हणजे साधारण फेब्रुवारीत, घड इतके टपोरे आणि तजेलदार दिसत असतात की हात आवरणे कठीण होते.

आमच्या वेलीला पहिल्यांदा अकरा घड लागले, त्या वर्षी आमचाही हात आवरला नाही. पुण्याहून पाहुणे येणार होते, म्हणून त्यांतले दोन सर्वांत देखणे घड आठवडाभर आधी तोडले. मणी थोडे आंबट लागले, तेव्हा आईने आंब्यासाठी करतात तशी टोपलीत पेंढ्याची अढी घालून त्यात ते ठेवले. चौथ्या दिवशी टोपली उघडली तेव्हा देठ तपकिरी पडला होता, मण्यांना सुरकुत्या आल्या होत्या आणि आंबटपणा होता तिथेच होता. पाहुण्यांना शेवटी बाजारातली द्राक्षे आणून दिली.

अढीत आंबा पिकतो आणि द्राक्ष पिकत नाही, यामागे एक साधे पण महत्त्वाचे कारण आहे. आंबा, केळे, चिकू ही फळे झाडावर असताना आपल्या गरात पिष्टमय पदार्थ, म्हणजे स्टार्च, साठवून ठेवतात. फळ तोडल्यावर त्यात इथिलीन नावाचा वायू तयार होऊ लागतो, फळाचे श्वसन वेगाने वाढते आणि साठवलेल्या स्टार्चचे साखरेत रूपांतर होते. अशा फळाची शिदोरी त्याच्याबरोबरच असते, म्हणून ते झाडापासून वेगळे झाल्यावरही गोड होऊ शकते. द्राक्षाच्या मण्यात स्टार्चचा असा साठा नसतो. त्याची साखर पानांत तयार होते आणि देठातून रोज थोडी थोडी मण्यात येते, त्यामुळे ज्या क्षणी कात्री देठावर चालते त्या क्षणी तो पुरवठा कायमचा बंद पडतो. डाळिंब, संत्रे आणि आपल्या साताऱ्याकडची महाबळेश्वर-भिलारची स्ट्रॉबेरी ही फळेही याच जातकुळीची आहेत. अर्धी कच्ची तोडलेली स्ट्रॉबेरी पेटीत लाल होते, पण गोड होत नाही. तोडलेली द्राक्षे दोन दिवसांनी किंचित गोड लागल्याचा भास कधी कधी होतो खरा, परंतु तो मण्यातले पाणी उडून असलेली साखर घट्ट झाल्याचा परिणाम असतो. नवी साखर त्यात कणभरही आलेली नसते.

साखर मण्यात केव्हा येऊ लागते हे समजण्यासाठी त्याच्या वाढीकडे थोडे पाहावे लागेल. आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास नव्या काड्या वाढवण्यासाठी खरड छाटणी होते आणि पावसाळा ओसरताना, बहुतेक ठिकाणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, फळछाटणी होते. फळछाटणीनंतर फुलोरा येऊन मणी बसले की पहिल्या टप्प्यात ते पेशींची संख्या आणि आकार वाढवत राहतात. या काळात ते कडक, गर्द हिरवे आणि अतिशय आंबट असतात, कारण वेल त्यांत टार्टारिक आणि मॅलिक ही दोन आम्ले साठवत असते. मग वाढ काहीशी मंदावते आणि छाटणीनंतर अडीच-तीन महिन्यांनी एक दिवस असा येतो की कालपर्यंत गोटीसारखा लागणारा मणी बोटांत दाबल्यावर किंचित दबतो आणि उन्हाकडे धरला तर आतून उजळ दिसतो. यालाच आपले बागायतदार मण्यात पाणी उतरले असे म्हणतात. हा शब्द मला शास्त्रीय परिभाषेपेक्षाही नेमका वाटतो, कारण मऊपणा, पारदर्शकपणा आणि फुगवण या तिन्ही गोष्टी त्यात आल्या. मात्र उतरलेले हे नुसते पाणी नसते. पानांत तयार झालेली साखर त्या पाण्यात विरघळून येत असते आणि मण्यात पोचल्यावर तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग होतात. सुरुवातीला ग्लुकोजचे प्रमाण जास्त असते, पक्व मण्यात दोन्ही जवळजवळ समान होतात आणि मणी वेलीवर आणखी राहिला तर फ्रुक्टोज वरचढ ठरते. फ्रुक्टोज जिभेला ग्लुकोजपेक्षा अधिक गोड लागत असल्यामुळे शेवटच्या काही दिवसांत गोडी एकदम वाढल्यासारखी वाटते, त्यात याचाही वाटा असतो.

पाणी उतरणे ही पिकण्याची सुरुवात आहे, शेवट नव्हे. दारातल्या वेलीचे घड सर्वांत जास्त फुकट जातात ते हा फरक लक्षात न घेतल्यामुळे. पाणी उतरल्यापासून घड खाण्याजोगा होईपर्यंत अनेक आठवडे जातात. थॉमसन किंवा त्यातूनच तासगाव तालुक्यातल्या बोरगावात निवडला गेलेला तास-ए-गणेश हा वाण घेतला, तर फळछाटणीपासून उतरणीपर्यंत साधारण १२० ते १४० दिवस लागतात. म्हणून वेल कोणत्या तारखेला छाटली हे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्या वर्षीची थंडी, ढगाळ दिवस आणि वेलीवरच्या घडांची संख्या यांनुसार हे दिवस मागेपुढे होतात, त्यामुळे दिवसांच्या हिशेबावरून घड तोडायचा नसतो. त्यावरून फक्त तपासणी केव्हा सुरू करायची एवढे ठरवायचे असते.

रंगावर बहुतेकांचा भरवसा असतो, पण तो पुरता खरा नाही. पांढऱ्या वाणांत, म्हणजे ज्यांना आपण हिरवी द्राक्षे म्हणतो त्यांत, गर्द हिरव्याकडून दुधाळ हिरव्याकडे आणि पुढे पिवळसर छटेकडे रंग वळतो, हे खरे आहे. परंतु पानांच्या दाट सावलीत वाढलेला घड चांगला गोड होऊनही हिरवाच राहू शकतो आणि उन्हात लटकणारा घड आंबट असतानाच पिवळा दिसू शकतो. डिसेंबर-जानेवारीतल्या कडक थंडीत हिरव्या वाणाचे काही मणी गुलाबी पडतात, त्यांना तर अनेक जण हमखास पिकलेले समजतात. ती थंडीची खूण आहे, गोडीची नव्हे. शरद सीडलेससारख्या काळ्या वाणात रंग आधी भरतो आणि गोडी मागून येते, म्हणून तिथे अधिकच सावध राहावे लागते. भोकरीसारखा बियांचा जुना वाण कोणाच्या दारात अजून असेल, तर त्याला एक खात्रीची जादा खूण मिळते. मणी फोडून बी पाहावी. ती हिरवट आणि मऊ असेल तर थांबावे आणि पूर्ण तपकिरी व टणक झालेली असेल तर फळ पक्वतेकडे आले असे धरावे.

रंगापेक्षा चव अधिक विश्वासाची आहे, पण चव कोणत्या मण्याची घ्यायची हा प्रश्न आहे. एकाच घडातले सगळे मणी एकाच दिवशी पिकत नाहीत. देठाजवळच्या वरच्या पाकळ्यांतले, म्हणजे घडाच्या बाजूच्या फाट्यांवरचे, मणी आधी गोड होतात आणि खाली निमुळत्या शेंड्याचे मणी सर्वांत शेवटी. गेल्या हंगामात आमच्या एका घडावर मी सकाळी मोजणी केली, तेव्हा वरच्या पाकळीतला मणी १९, मधला १७.५ आणि शेंड्याचा १५.५ ब्रिक्स (रसातल्या साखरेचे माप) निघाला. वरचा मणी तोंडात टाकून घड तयार आहे असे जो म्हणेल तो अर्ध्या घडापुरताच खरा असतो. याउलट शेंड्याचा मणी गोड लागला तर वरचे सगळे मणी तयार आहेत हे निराळे तपासावे लागत नाही. हे न सांगता कळलेले लोक बाजारात आहेतच. आमच्या एका नातेवाइकांच्या बागेत भाव ठरवायला आलेल्या व्यापाऱ्याने प्रत्येक वेळी वाकून शेंड्याचेच मणी घेतले, नातेवाईक वरच्या पाकळीचे मणी पुढे करत राहिले आणि अर्धा तास दोघेही एकाच घडाबद्दल बोलत असूनही त्यांचे जमेना. व्यापाऱ्याचा हेतू भाव पाडण्याचा होता यात मला शंका नाही, पण तपासणीची त्याची जागा बरोबर होती.

वर जो ब्रिक्स हा शब्द आला तो समजायला अवघड नाही. शंभर ग्रॅम रसात जितके ग्रॅम विद्राव्य घन पदार्थ असतात, तितके त्याचे ब्रिक्स. द्राक्षाच्या रसात या पदार्थांपैकी बहुतांश साखरच असते, म्हणून १८ ब्रिक्स म्हणजे ढोबळमानाने शंभर ग्रॅम रसात अठरा ग्रॅम साखर असे समजायला हरकत नाही. ते मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरला बागेत सगळे ब्रिक्स मीटरच म्हणतात. साखर विरघळलेल्या पाण्यातून जाताना प्रकाश साध्या पाण्यातल्यापेक्षा जास्त वळतो, एवढ्याच तत्त्वावर तो चालतो. काचेच्या तिरक्या पृष्ठभागावर रसाचे दोन-तीन थेंब टाकून झाकण लावायचे, नळी उजेडाकडे धरून डोळा लावायचा आणि निळा व पांढरा भाग जिथे मिळतात त्या रेषेवरचा आकडा वाचायचा. उपकरण सोपे असल्यामुळेच वाचताना हयगय होते. मोजण्याआधी शुद्ध पाण्याचा थेंब टाकून रेषा शून्यावर येते का हे पाहिले पाहिजे आणि ते त्याच जागी, त्याच वेळी पाहिले पाहिजे, कारण या उपकरणाच्या मोजपट्ट्या सहसा २० अंश सेल्सिअस तापमान धरून आखलेल्या असतात. तापमानाची आपोआप दुरुस्ती न करणारे साधे उपकरण ३० अंशांच्या दुपारी सुमारे पाऊण ब्रिक्सने कमी आकडा दाखवते. मण्यावर दव किंवा फवाऱ्याचे पाणी असेल तर तेही आकडा खाली ओढते, म्हणून मणी पुसून घ्यावा. वेलीला भरपूर पाणी दिल्यानंतर किंवा अवकाळी पाऊस पडून गेल्यानंतर लगेच मोजू नये. तेव्हा साखर कमी झालेली नसते, ती पातळ झालेली असते.

एका मण्याच्या आकड्याला फारसा अर्थ नाही. तीन-चार घडांवरून, उन्हाच्या आणि सावलीच्या दोन्ही बाजूंनी, वरचे, मधले आणि शेंड्याचे मिळून दहा-बारा मणी घ्यावेत, वाटीत चुरडून एकत्र रस करावा आणि तो मोजावा. आठवड्यातून एकदा अशी मोजणी करून आकडे त्याच दिनदर्शिकेत लिहिले, तर एका आकड्यापेक्षा चढता क्रम अधिक बोलका ठरतो. आकडा दर आठवड्याला वाढत असेल तर वेल अजून देते आहे, आपण थांबावे. तो दोन आठवडे एकाच जागी थांबला आणि मणी सैल पडू लागले, तर आता वाट पाहून मिळण्यासारखे फारसे उरलेले नाही.

साखरेचा आकडा चांगला असूनही द्राक्ष आंबट लागते, तेव्हा लोक उपकरणाला दोष देतात. उपकरणाचा दोष नसतो, कारण ते आम्ल मोजतच नाही. जिभेला जाणवते ते साखर आणि आम्ल यांचे परस्परांशी असलेले प्रमाण. खाण्याच्या द्राक्षांसाठीच्या कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकात हीच गोष्ट नियमात बसवलेली आहे. त्यानुसार रस किमान १६ ब्रिक्स असावा. तो १४ ते १६ च्या दरम्यान असेल तर साखर आणि आम्ल यांचे गुणोत्तर किमान १८ असावे आणि १२.५ ते १४ च्या दरम्यान असेल तर ते किमान २० असावे. उदाहरणार्थ, १५.५ ब्रिक्सच्या रसात ०.९ टक्के आम्ल असेल तर गुणोत्तर १७.२ येते आणि तो माल नापास होतो. त्याउलट १३.५ ब्रिक्सच्या रसात आम्ल फक्त ०.६५ टक्के असेल तर गुणोत्तर २०.८ येते आणि कमी साखरेचा असूनही तो पास होतो. दोन्ही मणी एकामागून एक खाल्ले तर जीभही बहुधा हाच निकाल देईल.

घरात बारावी विज्ञानाचे मूल असेल तर आम्ल मोजणे हा त्याच्या प्रयोगवहीतलाच प्रकार आहे. गाळलेला १० मिलिलिटर रस पाण्याने पातळ करून त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकावेत आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडावे. फिकट गुलाबी रंग टिकू लागला की थांबावे. जितके मिलिलिटर द्रावण लागले त्याला ०.०७५ ने गुणले की टार्टारिक आम्लाच्या हिशेबाने टक्केवारी मिळते, म्हणजे ८ मिलिलिटर लागले तर ०.६ टक्के. हे न जमल्यास काही बिघडत नाही, कारण आम्ल कसे उतरते हे माहीत असले तरी पुरेसे असते. टार्टारिक आम्ल मण्यात बऱ्याच अंशी टिकून राहते आणि मणी फुगेल तसे पातळ होते. मॅलिक आम्ल मात्र मणी श्वसनासाठी वापरून टाकतो आणि हवा जितकी उबदार तितका हा वापर जास्त. म्हणून जानेवारीच्या थंडीत १६ ब्रिक्सला आंबट लागणारी वेल फेब्रुवारीअखेर ऊन तापू लागल्यावर, साखर थोडीशीच वाढलेली असूनही, एकदम गोड लागू लागते. आपल्या भागात एक आठवडा थांबण्याचा फायदा सर्वांत जास्त याच दिवसांत होतो.

वाट पाहूनही गोडी चढत नसेल तर बहुतेक वेळा दोष वेलीवरच्या गर्दीचा असतो. साखर पानेच तयार करतात, त्यामुळे एका घडामागे बागायतदार साधारण पंधरा पानांचा हिशेब धरतात. दारातल्या वेलीवर मायेने एकही घड न काढता सगळे ठेवले जातात आणि मग चाळीस घड मिळून पंधरा घडांची साखर वाटून घेतात. मणी लहान असतानाच काही घड काढून टाकणे जिवावर येते, हे मला मान्य आहे, पण आमच्या वेलीने तोच एक उपाय मानला. पिकण्याच्या शेवटच्या आठ-दहा दिवसांत पाणी कमी करणे दुसऱ्या क्रमांकाचे. ते पूर्ण तोडू नये, नाहीतर पानेच वाळतात.

तोडण्यात उशीर करण्यालाही मर्यादा आहे. बुलबुल आणि साळुंक्या शेंड्याच्या मण्याची वाट पाहत नाहीत, त्या वरच्या पाकळीपासूनच सुरुवात करतात, म्हणून पाणी उतरल्यावर घडांना कागदी पिशव्या किंवा जाळी बांधलेली बरी. अवकाळी पावसाची शक्यता असेल तर साखर भरलेला मणी सर्वांत आधी तडकतो, कारण त्याची साल ताणलेली असते. अशा वेळी १७ ब्रिक्सचा घड हाती घेणे हे १९ ची वाट पाहण्यापेक्षा शहाणपणाचे ठरते. वेलीवर एखादे औषध फवारले असेल, तर डब्यावर लिहिलेला काढणीपूर्व कालावधी, म्हणजे फवारणीनंतर तोडणीआधी थांबायचे दिवस, पूर्ण झाल्याशिवाय ब्रिक्स कितीही असला तरी घड तोडू नये. दारातली वेल म्हणून हा नियम शिथिल होत नाही, उलट तिथली द्राक्षे न धुता खाल्ली जाण्याचा संभव जास्त असतो.

बेदाणा करायचा असेल तर सगळा हिशेब बदलतो. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. तासगाव, कवठे महांकाळ आणि जत या कोरड्या भागांतली बेदाणा वाळवण्याची शेड मार्चमध्ये भरलेली दिसतात, ती या बदललेल्या हिशेबामुळेच. बेदाण्यात शेवटी सुमारे १५ टक्के पाणी ठेवायचे असते, बाकी सगळे उडून जाते आणि उरते ते मुख्यतः साखरच. समजा १८ ब्रिक्सची १०० किलो द्राक्षे वाळवली, तर १८ किलो घन पदार्थाचे १५ टक्के पाण्यासह सुमारे २१ किलो बेदाणे होतात. तीच द्राक्षे २३ ब्रिक्सला तोडली तर ते सुमारे २७ किलो होतात. मजुरी, शेड आणि डिपिंगचा, म्हणजे वाळवण्याआधी मणी द्रावणात बुडवण्याचा, खर्च मात्र दोन्ही वेळा तेवढाच. शिवाय कमी साखरेचा मणी वाळला की हलका आणि चपटा पडतो, जास्त साखरेचा भरीव राहतो. खाण्यासाठी १८ ला सुरेख लागणारा घड बेदाण्यासाठी म्हणूनच कच्चा समजला जातो आणि २२ च्या पुढे जाईपर्यंत वेलीवर ठेवला जातो. आमच्या वेलीचे उरलेले चार घड आम्ही एका वर्षी असे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ठेवले होते. गच्चीवर, सावलीत, जाळीवर पसरून त्यांचे जेमतेम पाव किलो बेदाणे निघाले, आणि डिपिंग न केल्यामुळे ते तपकिरी झाले. बाजारातल्या पिवळ्या-हिरव्या बेदाण्यासाठी मणी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात. त्याने मण्यावरच्या मेणाच्या थरातून पाण्याला वाट मिळते, वाळवण लवकर होते आणि रंग उजळ राहतो.

खाण्यासाठी घड तोडायचा तो सकाळी, दव सुकल्यावर आणि ऊन चढण्याआधी. लांब देठ ठेवून कात्रीने कापावा, ओढून तोडू नये. हाताने धरायचे तेही देठालाच, कारण मण्यावरची पांढरट लव ही धूळ नसून मेणाचा नैसर्गिक थर असतो आणि तोच मण्यातले पाणी आत राखतो. बोटे लागलेल्या जागी मणी काळपट चकचकीत दिसतो आणि आधी सुकतो. दारातल्या वेलीची मोठी सोय अशी की सगळे घड एकाच दिवशी उतरवण्याची सक्ती नसते. पेटी भरायची नाही, गाडी थांबलेली नाही. ज्या घडाचा शेंडा आज गोड लागला तेवढाच आज तोडावा आणि शेजारच्या घडाचा शेंड्याचा एक मणी पुढच्या रविवारी चाखून पाहावा.